उत्तमसिंगच्या हातचे ब्रेक

वारंगा फाट्यावर खिचडीच्या हॉटेलांची रांग जिथं संपते तिथं एक लिंब आहे, आन् लिंबाखाली पत्र्याचं शेड. शेडला पाटी नाही. कधीच नव्हती. उत्तमसिंग राठोड तिथं तीस वर्षांपासून ब्रेक करतो. फक्त ब्रेक. इंजनाला हात लावत नाही, पंक्चर काढत नाही. एखादा ड्रायव्हर म्हणला, "काका, उलीसा इंजनाचा आवाज ऐका की," तर तो पाना पुसत म्हणायचा, "पळायचं दुसऱ्याला इचार. थांबायचं असलं तं माझ्याकडं ये."

माणूस बुटका, अंगानं निब्बर. बोटांच्या पेरांत ग्रीस असं बसलेलं की साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. जिवनबाई, त्याची बायको, ताटात भाकरी टाकताना म्हणायची, "अंगठ्याचा ठसा उमटला बघा भाकरीवर. तलाठ्याकडं न्या, कामाला येईल."

कळमनुरीपासून बसमतपर्यंत ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली विकायची असली की विकणारा एक वाक्य हमखास बोलायचा : "ब्रेक उत्तमसिंगच्या हातचे हायेत." बैल घेताना जो माणूस चारदा तोंड उघडून दात बघतो, तोच माणूस हे ऐकलं की ट्रॉलीखाली वाकत नसे. कारण उत्तमसिंगची एक रीत होती. ब्रेक केले की तो स्वतः त्या ट्रॉलीत उभा राहायचा. मालकाला म्हणायचा, "चल, पुलाच्या उतारावर ने. पळव. आता दाब." ट्रॉली बोटभर जरी आडवी सरकली तरी खाली उतरून पुन्हा चाक खोलायचा. मालक कितीही घाईत असो. "माझ्या अंगावर बेतलं तं चालंल. तुझ्या अंगावर बेतलं तं नाव माझं निघंल," असं म्हणायचा.

बालाजी कऱ्हाळे त्याच्याकडं पहिल्यांदा आला तो घाबरून. बालाजी सिद्धेश्वरकडचा. जमीन होती, पण त्याचा जीव जमिनीत कधी रमला नाही. बोलायला गोड, हसायला मोठा. त्यानं एक वेगळाच धंदा काढला होता. धरणावरचे मासेमारी करणारे लोक थर्माकोलचे तराफे आन् टायरच्या ट्यूबा घेऊन पाण्यात जायचे. बालाजी कोकणातून वापरलेल्या फायबरच्या होड्या आणायचा आन् सिद्धेश्वर, येलदरी, इसापूर अशा धरणांवर विकायचा. होडी आणायला त्यानं जुन्या जीपचा कणा घेऊन एक लांब ट्रॉली बनवून घेतली होती. पिकअपच्या मागं लावायची, खाडीच्या उतारावर पाण्यात उतरवायची, होडी वर घ्यायची, दोर आवळायचे आन् निघायचं. ट्रॉलीला ब्रेक नव्हते.

"मिस्त्री," बालाजी म्हणला, "घाटात मला वाटलं मागून कोनी ढकलून राहिलं. आरशात बघतो तं माझीच होडी माझ्या उरावर येऊन राहिली!"

उत्तमसिंगनं ट्रॉलीभोवती दोन चकरा मारल्या. "बिनब्रेकाची एवढी लांब आनली? घरी लेकरं हायेत का न्हाई तुला?"

"दोन हायेत."

"मंग त्यायला तुझा फोटो काढून ठेवायला सांग."

चार दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. कण्याला ड्रम होतेच, त्यात चाक आवळणारे नवे लायनर घातले. पुढं जोडणीच्या दांडीत असा सरकता जुगाड केला की पिकअप थांबली की मागची ट्रॉली पुढं रेटते, आन् त्या रेट्यानंच वायर ओढली जाऊन तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. बालाजीनं पुलाच्या उतारावर पाय दाबला आन् ट्रॉली पाळलेल्या जनावरासारखी मागं उभी राहिली. तो खाली उतरून उत्तमसिंगच्या पायाच पडला. उत्तमसिंगनं त्याला एकच गोष्ट बजावली : "समुद्रातून काढली की चाकं धुवायची. चार-चार बादल्या मारायच्या. ईसरायचं न्हाई."

वीस दिवसांनी ट्रॉली आली ती ओरडतच. एक चाक फिरेना, दुसरं थांबेना.

"धुतली न्हाईस," उत्तमसिंग म्हणला.

"काहून न्हाई? चार-चार बादल्या मारल्या! इचारा या ड्रायव्हरला."

"कोन्त्या पान्याच्या?"

बालाजी हसला. "आता समुद्रावर उभं राहून पान्याला काय तोटा हाय का मिस्त्री?"

ह्याला हसावं का रडावं कळेना. आपल्याकडच्या माणसाला पाणी म्हणलं की पाणी. नदीत गाडी घातली की धुऊन निघते, तलावात बैल घातला की स्वच्छ होतो. समुद्राच्या पाण्यानं समुद्राचंच मीठ धुवायचं नसतं, हे हिंगोलीच्या माणसाला कोण सांगणार? उत्तमसिंगनं ड्रम ओढून काढला. आत लायनरच्या कडेला पांढरी भुकटी, स्प्रिंगा लाल होऊन फुगलेल्या. त्यानं करंगळीनं भुकटी उचलली आन् जिभेवर ठेवली. थुंकला.

"आमचा आजा सांगायचा," तो म्हणला, "लदेणीच्या, ओझं वाहायच्या बैलांवर मीठ भरायचे त्यावक्ती. गोणीच्या कड्या लोखंडाच्या असल्या की दोन खेपांत झडायच्या. म्हून चामड्याचे बंद लावायचे. चामड्याचे ब्रेक काई मला करता येत न्हाई. तवा तू गोड पानी घेत जा."

आन् मग त्यानं पुढच्या खेपेला स्वतः जायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. तिथं त्यानं दिवसभर समुद्राकडं पाठ करून ट्रॉलीच्या चाकांकडं बघितलं. चाक तापलेलं असताना पाण्यात गेलं की ते कसं आत पाणी ओढून घेतं, हे त्यानं तिथं हात लावून ओळखलं. परत येताना बालाजीला नियम पाठ करून घेतले. खाडीवर पोचलं की आधी चहा प्यायचा, चाक हाताला गार लागलं तरच पाण्यात घालायचं. वर काढलं की गावातल्या विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी मारायचं, चाक फिरवत फिरवत, आतपर्यंत. उभी करताना हॅन्डब्रेक ओढून ठेवायचा नाही, लायनर ड्रमला चिकटतो. चाकामागं दगड लावायचा. आन् घरी जायच्या आधी फाट्यावर यायचं. खोलायचं, पुसायचं, ग्रीस भरायचं, मग घर.

जिवनबाईनं विचारलं, "कसा व्हता समुद्र?"

"वाया गेलेलं पानी," उत्तमसिंग म्हणला.

चार वर्षं हे बराबर चाललं. नांदेडकडून पिकअप यायची, मागं निळी नाहीतर हिरवी होडी बांधलेली, आन् फाट्यावरचे लोक ओरडायचे, "उत्तमसिंग, तुमचं जहाज आलं!" बालाजी उतरायचा, कोकणातून आणलेले आंबे नाहीतर सुकट जिवनबाईसाठी द्यायचा. जिवनबाईला भाऊ नव्हता. एका राखीपुनवेला बालाजी होडीसकट फाट्यावर अडकला, तर त्यानं उत्तमसिंगच्या तांड्यावर येऊन मनगट पुढं केलं. "बांध बाई. रिकामं मनगट घेऊन घरी गेलो तं माझी माय हानंल." तेव्हापासून उत्तमसिंग त्याचा दाजी झाला. दाजी म्हणलं की चेष्टा आली, हक्क आला, ताटात वाढून घेणं आलं. बालाजी तांड्यावर येऊन चुलीपुढं बसायचा आन् म्हणायचा, "बाई, दाजीला पुन्यांदा ग्रीसची भाजी केली का?" उत्तमसिंगला दोस्त असे फार नव्हतेच. गिऱ्हाईक सगळे, दोस्त हा एकच.

मग एका दिवाळीनंतर ट्रॉली आली नाही.

उत्तमसिंगला वाटलं, खेपा नसतील. पण एके दिवशी दुपारी तो शेडपुढं बसून लायनर ठोकत असताना पिकअप दिसली. मागं लाल होडी. त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली, उठला, जॅक ओढला. पिकअपनं दोनदा हॉर्न वाजवला, खिडकीतून बालाजीचा हात हलला, आन् गाडी हिंगोलीच्या रोडनं निघून गेली. जॅक तसाच राहिला.

संध्याकाळी त्यानं फोन लावला. "काहून रे, थांबला न्हाईस?"

"दाजी, तिकडंच कोकनात एक मिस्त्री गाठला. समुद्राकाठचाच मानूस. जातायेता तोच बघतो. तुमाला उगं तकलीफ."

"मला कसली तकलीफ?"

"तसं न्हाई दाजी. गाडी खोलायची म्हनलं की माझा आख्खा दिवस जातो. गिऱ्हाईक तिकडं वाट बघून राहिलं."

"बरं," उत्तमसिंग म्हणला आन् फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात पिकअप आणखी तीनदा गेली. तिसऱ्यांदा स्पीड ब्रेकरवर तिनं वेग कमी केला, तेव्हा उत्तमसिंगनं आवाज ऐकला. डावं चाक घासत होतं. उजव्याचा आवाजच नव्हता. ज्याचे कान तीस वर्षं त्याच आवाजावर पोसले त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. तो अर्धा उठला. मग खाली बसला. समुद्राकाठचा मिस्त्री बघंल की, असं म्हणला आन् लायनरवर हातोडी मारली ती जरा जोरातच मारली.

उन्हाळ्यात बालाजीनं ती ट्रॉली होडीसकट विकून टाकली. घेणारा लखमा, सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणारा. पन्नाशीचा, वाळका, पाण्यात तराफ्यावर दिवस काढलेला माणूस. आपली स्वतःची होडी, आन् ती ओढून घरी आणता येते, म्हणजे रात्री धरणावर राखण बसायला नको, एवढं त्याला पुरे होतं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "ब्रेक?"

"उत्तमसिंगच्या हातचे हायेत," बालाजी म्हणला. "मागच्या खेपेनंतर त्यायनीच खोलून केले. परवाच."

ट्रॉलीला नवा निळा रंग मारलेला होता. लखमा खाली वाकला नाही.

आठव्या दिवशी गावातून धरणाकडं जायच्या उतारावर हे झालं. भाड्याचा ट्रॅक्टर पुढं, मागं ट्रॉली, ट्रॉलीवर होडी. लखमा होडीला हात लावून बाजूनं चालत होता, जसं लेकराच्या गाडीबरोबर चालावं. छोट्या पुलाजवळच्या वळणावर म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. ट्रॉलीचं डावं चाक जागीच आवळलं, उजवं पळतच राहिलं. अख्खी ट्रॉली होडीसकट फिरली आन् लखमाचा पाय ट्रॉली आन् पुलाच्या कठड्याच्या मधे सापडला. पाय दोन ठिकाणी मोडला.

नांदेडला नेलं. पायात रॉड टाकला. डॉक्टरांनी सांगितलं, चालंल, पण होडीत उभं राहून जाळं फेकायचं विसरा.

पाय मोडल्याच्या नवव्या दिवशी लखमाची बायको धुरपताबाई नांदेडहून येस्टीनं गावाकडं निघाली, कपडे आणायला. वारंगा फाट्याला गाडी चहाला थांबली तेव्हा ती खाली उतरली आन् पुन्हा चढली नाही. विचारत विचारत लिंबाखालच्या शेडापाशी आली. हातात प्लास्टिकची पिशवी.

"उत्तमसिंग मिस्त्री तुमीच का?"

"व्हय बाई. ट्रॉली कुठं हाय?"

"ट्रॉली तिकडंच पडली," ती म्हणली. "मी लखमाची बायकू. सिद्धेश्वरच्या." उत्तमसिंगला काही कळेना हे तिच्या ध्यानात आलं. तिनं सगळं सांगितलं. उतार, म्हशी, पाय. रडली नाही. "बालाजीभाऊ दवाखान्यात आले व्हते. फळं घेऊन. ते म्हनले, दाजीवर राग धरू नका, वय झालं त्यायचं, हात थरथरतो, एखादं चाक राहून जातं. मानूस वाईट न्हाई. आपन माफ करू." मग तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. "म्हून म्या उतरले. मला माफ करायच्या आधी बघायचं व्हतं. तुमी केले व्हते का ते ब्रेक?"

उत्तमसिंगचा हात खरंच थरथरत होता. त्या क्षणाला. त्यानं तो मांडीखाली धरला.

"न्हाई," तो म्हणला.

"ते तं कोनीबी म्हनंल."

"व्हय. कोनीबी म्हनंल." तो उठला. पाने पोत्यात भरले, जॅक घेतला. "चला बाई. तुमच्यासमोर खोलतो."

तिला वाटलं नव्हतं तो येईल.

ट्रॉली कठड्याच्या अलीकडं, जिथं ओढून काढली तिथंच होती. उत्तमसिंगनं बालाजीला फोन लावला होता, "धरनाच्या उतारावर ये, चाकं खोलून राहिलो." बालाजी आला. गावातली पंधरा-वीस माणसंही जमली, मासेवाल्या सोसायटीचे जाणते म्हातारे रामकिशन काका त्यांत होते. बालाजी सगळ्यांना नमस्कार करत आला आन् उत्तमसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, कशाला एवढ्या उन्हात आले? मी तं सगळ्यायला सांगितलं, चूक मानसाकडूनच होते. कोनी काई बोलनार न्हाई तुमाला."

"तू ट्रॉली माझ्याकडं कवा आनली व्हती?" उत्तमसिंगनं खांदा काढून घेतला.

"आता दाजी, तारीख कोन ध्यानात ठेवतं? उन्हाळ्याच्या तोंडाला. इकायच्या आधी."

"शेवटची समुद्राची खेप झाल्यावर?"

"व्हय. झाल्यावरच की."

"मी खोलली? पुसली? ग्रीस भरलं?"

"तुमी दरवेळी करता तेच केलं," बालाजी म्हणला आन् लोकांकडं बघून हसला. ते हसू असं होतं की बिचाऱ्या म्हाताऱ्याला आता आठवतही नाही.

उत्तमसिंग खाली बसला. डावा ड्रम निघेना. लायनर आतून ड्रमला धरून बसला होता. त्यानं कडेनं हातोडी मारली, फिरवत फिरवत, अर्धा तास. लोक कंटाळले, दोघं-तिघं सावलीला गेले. ड्रम सुटला तेव्हा आतून स्प्रिंगेचे तुकडे मातीत पडले. आत सगळं पांढरं. उजव्या बाजूला तर वायरच तुटलेली, गंजून सुतळीसारखी उसवलेली.

"हे बघा," तो म्हणला.

लोक वाकले. बालाजीही वाकला. "मंग? धरनाचं पानी हाय. आठ दिवस लखमा रोज ट्रॉली पान्यात घालून राहिला. आपल्या बोरच्या पान्यानं हंड्याला पांढरं बसत न्हाई का? क्षार असतेत."

दोघं-चौघं माना हलवू लागले. हे सगळ्यांच्या घरातलं होतं. हंडा पांढरा, तवा पांढरा, नळाची तोटी पांढरी.

उत्तमसिंगनं भुकटी नखानं खरवडून तळहातावर घेतली. तो हात त्यानं बालाजीपुढं धरला नाही. धुरपताबाईपुढं धरला.

"बाई, तुमी रोज सैपाक करता. चाखून सांगा."

तिनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं झालं. ती बाजूला थुंकली. "मीठ हाय. गंजात कालवलेलं मीठ."

रामकिशन काकानंही बोट पुढं केलं. चाखलं. बराच वेळ जीभ फिरवली, मग म्हणले, "पन्नास वर्सं मी या धरनाचं पानी पिऊन राहिलो. धरनाला मीठ कवा आलं, बालाजी?"

आता बाकीचेही बोट लावून चाखू लागले.

"मी खोलली असती तं हे आत राहिलं नसतं," उत्तमसिंग म्हणला. "दिवाळीपासून या चाकाला आतपर्यंत गोडं पानी मारलं न्हाई, आन् धरनात वरवर बुडवून हे निघत नसतं. मिस्त्री गाठला म्हनला व्हतास कोकनात. कोन मिस्त्री?"

बालाजीचा चेहरा आता बदलला. पण लाजेनं नाही. रागानं बदलला. तो हळू आवाजात, अगदी घरातल्यासारखा बोलला. "दाजी, चार मानसांत? मला बाजूला घेऊन इचारायचं. बाईनं मला राखी बांधली. तिच्या भावाला तुमी असं रस्त्यावर खोललं?"

"मी चाक खोललं," उत्तमसिंग म्हणला.

"दोस्तीची कदर न्हाई तुमाला. तुमचं नाव घेतलं म्हून काय बिघडलं? चांगलंच नाव हाय म्हून घेतलं ना? वाईट असतं तं घेतलं असतं का?"

बालाजी मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. त्याचं ते बोलणं लोकांना पटलं नाही, पण अगदीच खोटंही वाटलं नाही. माणसं पांगू लागली. एक जण म्हणला, "जाऊ द्या, दोघायचं आपसांतलं हाय."

उत्तमसिंग हत्यारं पोत्यात भरू लागला. आता ही बाई काहीतरी बोलेल, चुकलं मिस्त्री, तुमचा काही दोष नाही, असं काहीतरी, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यासाठीच तो आला होता.

धुरपताबाई पुढं आली. "मिस्त्री, तुमी खोटं बोलले न्हाई. ते कळलं मला."

तो थांबला.

"मंग एक सांगा. दिवाळीपासून तुमाला ट्रॉली दिसली न्हाई?"

"दिसली."

"कुठं?"

"फाट्यावरून जायची. माझ्यापुढून."

"आवाज येत व्हता का?"

उत्तमसिंगला पाहिजे तर नाही म्हणता आलं असतं. तिथं कोणी दुसरा नव्हता. "येत व्हता," तो म्हणला. "एक चाक धरून राहिलं व्हतं. मला कळलं."

"तरी बोलले न्हाई."

"त्यानं दुसरा मिस्त्री धरला म्हनला. मला राग आला."

"राग आला," धुरपताबाई म्हणली. एवढंच. मग तिनं पदर डोक्यावर सारखा केला आन् कपडे आणायला घराकडं गेली.

तो तिथंच बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, नवे लायनर, नवी वायर घेऊन. ती ट्रॉली त्यानं तिथंच रस्त्याच्या कडेला दुरुस्त केली. लखमाच्या घरून कोणी बोलवायला आलं नाही, तोही कुणाकडं गेला नाही. संध्याकाळच्या आत भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला घेऊन उतारावर तिची परीक्षा केली आन् गेला.

जिवनबाईनं सगळं ऐकलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणली, "राखी म्या बांधली. तवा त्याच्याशी काय बोलायचं ते मी बोलीन. तुमी त्यात पडू नका." त्या राखीपुनवेला बालाजी आला नाही. तिनं बोलायचं ते बोलायचं राहिलं, आन् ते राहिलं याचाच तिला जास्त राग राहिला.

खरी गोष्ट ज्यांनी उतारावर बघितली ते पंधरा-वीस. बालाजी रोज पन्नास माणसांशी बोलणारा. हिंगोलीच्या बाजारात, हळदीच्या गाड्या उतरवताना, कुणी ट्रॉलीचा विषय काढला की कोणीतरी म्हणायचं, "उत्तमसिंगचे ब्रेक? ते लखमावाले का?" विकणारे ते जुनं वाक्य अजूनही बोलायचे. पण घेणारा आता वाकून बघायचा. उत्तमसिंगकडं काम कमी झालं नाही, तसं बघितलं तर. फक्त पुलाच्या उतारावर तो ट्रॉलीत उभा राहायचा तेव्हा ड्रायव्हर आरशात त्याच्या हाताकडं बघायचे.

पावसाळा संपल्यावर एके दुपारी नांदेडकडून पिकअप आली आन् शेडपुढं थांबली. मागं नवी ट्रॉली, वर पांढरी होडी. ड्रायव्हर उतरला, चाळिशीचा माणूस, संतोष नावाचा, तांड्याकडचाच.

"बालाजी मालकानं पाठवलं," तो म्हणला. "म्हनले, समुद्रातून आली हाय, उत्तमसिंगशिवाय दुसऱ्या कोनाला हात लावू देऊ नको. सलाम सांगितला."

"तो सोता काहून आला न्हाई?"

"काम हाय म्हनले."

उत्तमसिंगनं ट्रॉलीकडं बघितलं. सरकत्या दांडीचा जुगाड त्याचाच, कोणीतरी नक्कल केलेला, वायर एका बाजूला ओढून बसवलेली. खाडीच्या उतारावर दुसऱ्याच कोणीतरी हा बसवला असणार. होडी जड होती. या अवस्थेत ती ट्रॉली औंढ्याच्या वळणांवरून जाणार, बाजारचा दिवस, रस्त्यावर बायामाणसं.

"धुतली का?"

"न्हाई. वेळच नव्हता."

"चाक काढ," उत्तमसिंग म्हणला.

त्यानं दोन्ही ड्रम खोलले. गोडं पाणी मारलं, पुसलं, स्प्रिंगा बदलल्या, वायर सरळ करून पुन्हा ओढली. चहा आला तो त्यानं संतोषला पाजला, स्वतः घेतला नाही. दिवस उतरायला लागला तेव्हा काम झालं. तो ट्रॉलीत चढला. पुलाच्या उतारावर संतोषनं दाबलं, ट्रॉली सरळ थांबली. आणखी एकदा लावून बघितलं. मग खाली उतरला.

"लई झाक झाले काका," संतोष म्हणला. "आता मालकाला सांगतो, उत्तमसिंगनं केले म्हून."

"सांगू नको."

"हां?"

"ब्रेक कोनं केले म्हून कोनी इचारलं, बालाजीनं इचारलं, घेनाऱ्यानं इचारलं, तरी माझं नाव घ्यायचं न्हाई. खाली वाकून बघा म्हनावं."

संतोषला वाटलं म्हातारा चेष्टा करून राहिला. तो हसला. उत्तमसिंग हसला नाही, तेव्हा तो गोंधळला. "पन मंग मालकाला काय सांगू? कोनं केले?"

"फाट्यावर झाले, सांग."

"फाट्यावर दुसरं कोन हाय ब्रेकवालं?"

उत्तमसिंगनं पोत्यात पाने टाकले आन् तोंड बांधलं. "मीठ आतपर्यंत जाऊन राहिलं व्हतं," तो म्हणला. "पुढच्या खेपेला खाडीवरच धू. ईसरू नको." आन् बाजूला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीखाली जाऊन आडवा झाला. तिचा मालक केव्हाचा ताटकळत थांबला होता.